माळीणचा उतार आणि पाण्याचा दाब

30 जुलै 2014, बुधवार. पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यात डिंभे धरणाच्या जलाशयाजवळ माळीण हे महादेव कोळ्यांचं छोटं गाव. त्या सकाळी गावामागच्या डोंगराचा उतार सुटला आणि चाळीसहून अधिक घरं चिखल, मुरूम आणि धोंड्यांखाली गेली. बाहेर पहिली खबर नेली ती एसटीच्या चालकाने. नेहमीच्या फेरीवर गाडी घेऊन आला, तर समोर गावच नाही. तळेगावहून राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची माणसं पोचली, पण पाऊस थांबत नव्हता, रस्त्यावर चिखल होता आणि उकरलेल्या जागी पुन्हा माती घसरत होती. शोध आठवडाभर चालला. तीन महिन्यांचं एक बाळ आणि त्याची आई जिवंत निघाली. किमान 151 माणसं गेली.

लगेच वाद सुरू झाला आणि तो आजही संपलेला नाही. एक बाजू म्हणते, असा पाऊस झाला की कुणाच्या बापाला थांबवता आला नसता. दुसरी बाजू म्हणते, जेसीबी लावून डोंगर सपाट केला, त्याचं हे फळ. तिसरी कुजबूज धरणाची आणि भूकंपाची. भूशास्त्राच्या वर्गात मी हे प्रकरण मुलांपुढे ठेवतो, तेव्हा वर्गाचेही असेच तीन तट पडतात. माझं म्हणणं असं, की तिन्ही बाजूंच्या बोलण्यात एक गोष्ट राहून जाते: डोंगराच्या पोटातलं पाणी किती चढलं होतं आणि बाहेर पडायला त्याला वाट होती का. पाऊस, यंत्र आणि भूकंप या तिन्हींचा हिशेब शेवटी तिथेच येऊन मिळतो.

जमीन कशाची आहे

मंचर, घोडेगाव करत डिंभ्याच्या पुढे गेलात, की रस्त्यासाठी डोंगर कापलेल्या जागा लागतात. अशी एखादी कापणी पावसाळ्यात गाडी थांबवून नीट बघावी. वर हातभर तांबूस माती, तिच्यात गवताची मुळं. त्याखाली दोन-चार मीटर मुरूम. त्यात कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले गोल धोंडे अडकलेले असतात. बोटाने खरवडलं तर पापुद्रा हातात येतो. त्याखाली एकदम काळा कातळ. आणि मुरूम जिथे कातळावर टेकतो, नेमक्या त्या रेषेवर पाणी पाझरताना दिसतं. वर मुरूम नुसता ओलसर, खाली कातळ कोरडा ठणठणीत, मध्ये मात्र पाण्याची बारीक ओळ. कधी त्या ओळीत तांबड्या गेरूचा थर असतो. दोन लाव्हाप्रवाहांच्या मधल्या काळात जी जमीन तयार झाली आणि पुढच्या लाव्ह्याने भाजली गेली, ती ही. गेरू चिकणमातीसारखा असतो, पाण्याला खाली जाऊ देत नाही.

ही रचना सगळ्या दख्खनची. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर पसरले. त्यानंतर भारताचा भूखंड सेशेल्सपासून तुटला, पश्चिमेला समुद्र आला आणि त्या तुटलेल्या काठाची झीज होत होत सह्याद्रीचा कडा मागे सरकत आला. म्हणजे आज आपण ज्याला घाट म्हणतो, तो एका मोठ्या भूकवचीय घटनेचा झिजलेला काठ आहे. उतार तीव्र का, याचं उत्तर तिथे. मुरूम इतका का, याचं उत्तर पावसात. भीमाशंकरच्या माथ्यावर पुण्याच्या कितीतरी पट पाऊस पडतो आणि बेसॉल्ट, म्हणजे लाव्ह्याचा हाच काळा कातळ, ओल्या-उबदार हवेत फार लवकर कुजतो. तीव्र उतारावर सैल मुरूम आणि त्याखाली न पाझरणारा कातळ, ही जोडी माळीणला होती आणि माळीणच्या आसपासच्या शेकडो वाड्यांनाही आहे.

म्हणून 'डोंगर ठिसूळ होता' एवढं म्हणून भागत नाही. तो हजारो वर्षं तसाच होता.

पाणी नेमकं काय करतं

लोकांना वाटतं पाण्याने माती जड होते आणि वजनाने खाली येते. जड होते हे खरं, पण वजन वाढलं की ओढणारं बल वाढतं तसंच कातळावर दाबून धरणारं बलही वाढतं. नुसत्या वजनाने बाजी फारशी पलटत नाही. पलटते ती दाबाने. मुरुमाच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की ते पाणी कणांना एकमेकांपासून दूर रेटायला लागतं. कणांची एकमेकांवरची पकड घर्षणाची असते, आणि घर्षण किती हे दाबून बसण्यावर ठरतं. पाण्याने त्या दाबातला वाटा स्वतःकडे घेतला की घर्षण तेवढं कमी. गरम आमटीची वाटी ओल्या ओट्यावर ठेवली की आपसूक सरकते, ते वाटी जड झाली म्हणून नव्हे. बुडाखाली कोंडलेली हवा तापून तिला किंचित उचलते म्हणून. कार्ल टर्झागी या अभियंत्याने 1920 च्या दशकात हे गणितात बसवलं आणि आधुनिक मृदायांत्रिकी, म्हणजे मातीच्या बळाचं शास्त्र, तिथून सुरू झाली.

मुलांना मी एक साधं उदाहरण सोडवायला देतो. आकडे माळीणचे मोजलेले नाहीत, सह्याद्रीतल्या मुरुमाला शोभतील असे घेतलेले आहेत. उतार 25 अंशांचा. कातळावर 5 मीटर जाडीचा थर. वजन घनमीटरला 19 किलोन्यूटन, घर्षणकोन (कणांची एकमेकांवरची पकड किती, हे सांगणारा कोन) 32 अंश, चिकटपणा अगदी थोडा, 5 किलोपास्कल. अडवणारं बल भागिले ओढणारं बल, याला सुरक्षा गुणक म्हणतात; तो 1 च्या खाली गेला की उतार सुटतो. थरात पाणी नसेल तर गुणक येतो 1.48. पाणी कातळापासून वर थराच्या निम्म्यापर्यंत चढलं की 1.13. साधारण साडेतीन मीटरपर्यंत चढलं, म्हणजे जमिनीखाली दीड मीटरवर येऊन थांबलं, की बरोबर 1. थर पूर्ण भरला तर 0.79.

या हिशेबात मला महत्त्वाची वाटते ती दीड मीटरची गोष्ट. वरून बघणाऱ्याला काही दिसत नाही. खाचरात पाणी आहे, आवणी चालू आहे, जुलै अखेर आहे, सगळं नेहमीसारखं आहे. पाणी अजून पृष्ठभागाच्या दीड मीटर खाली आहे आणि उतार सुटण्याच्या काठावर आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी 2016 साली माळीणच्या उताराचं उलटं विश्लेषण प्रसिद्ध केलं. उतार सुटला हे धरून चालायचं आणि मातीचे गुणधर्म व पाण्याची पातळी काय असली तर तो सुटेल, हे मागे मागे शोधत जायचं. दरडीच्या बाबतीत बहुतेक वेळा एवढंच हाती असतं, कारण आधी कुणी मोजलेलंच नसतं.

108 मिलिमीटर

माळीणला आदल्या दिवशी, 29 जुलैला, सुमारे 108 मिलिमीटर पाऊस झाल्याचं सांगितलं जातं, आणि पुढेही तो सुरूच होता. आता यात एक मौज आहे. नेल केन या संशोधकाने 1980 साली जगभरच्या दरडींवरून एक सूत्र मांडलं: किती तास पावसाचा किती जोर झाला की उथळ दरडी सुरू होतात. त्या सूत्रात 24 तास घातले की उत्तर येतं ताशी 4.3 मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे दिवसाला सुमारे 103. माळीणचा आकडा त्याच्या थेट शेजारी जाऊन बसतो. विद्यार्थी खूश होतात. सूत्र बरोबर आलं!

मग मी विचारतो, भीमाशंकरच्या पट्ट्यात दिवसाला शंभर मिलिमीटर पाऊस एका पावसाळ्यात किती वेळा पडतो? अनेकदा. आणि दरड किती वेळा कोसळते? तेव्हा वर्ग गप्प होतो. केन यांनी मांडली ती खालची मर्यादा होती, एवढ्याखाली सहसा काही होत नाही अशी. ती ओलांडली की दरड येतेच, असं त्यांनी कुठेही म्हटलेलं नाही. सह्याद्रीत ती मर्यादा इतक्या वेळा ओलांडली जाते, की तिच्यावर इशारा बेतला तर जुलै-ऑगस्टभर भोंगा वाजतच राहील आणि तिसऱ्या दिवशी कुणी लक्ष देणार नाही. इथल्या उतारांना इथलीच मर्यादा काढावी लागेल, आणि तीही आधीच्या पंधरा-वीस दिवसांचा पाऊस धरून.

2014 च्या बाबतीत मागचे दिवस धरले की आणखी एक गोष्ट दिसते. त्या वर्षीचा जून फार कोरडा होता; देशभरात सरासरीपेक्षा चाळीस टक्क्यांहून अधिक तूट होती. जुलै निम्मा सरल्यावर पावसाने जोर धरला. कोरड्या जूनमध्ये चिकणमाती आक्रसते, भेगा पडतात. पुढे एकदम जोराचा पाऊस आला की पाणी मातीतून हळूहळू झिरपण्याऐवजी त्या भेगांतून सरळ खाली कातळापर्यंत जातं. माळीणला हेच घडलं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही, पण पावसाचा एकच आकडा घेऊन बसणाऱ्यांनी त्या वर्षीचा जून जरूर बघावा.

पडकई आणि यंत्र

आता जेसीबी. आंबेगाव-जुन्नरच्या डोंगराळ भागात पडकई ही जुनी रीत आहे. उन्हाळ्यात शेतकऱ्यांनी पाळीपाळीने एकमेकांच्या रानात राबायचं, उतार फोडायचा, दगडाचे बांध घालायचे आणि भातखाचरं करायची. पुढे ही कामं सरकारी योजनेत आली आणि कुदळीच्या जागी यंत्र आलं. माळीणनंतर सगळा राग त्या यंत्रावर निघाला.

रागाला आधार आहे. हाताने केलेलं खाचर अरुंद असतं, डोंगराच्या वळणाने जातं. बांधात मोठे दगड रचलेले असतात आणि त्यांच्या फटींतून पाणी निघून जातं. यंत्र एका दमात रुंद कापणी करतं आणि निघालेला मुरूम बाहेरच्या कडेला सैल ढकलून देतं. तो दाबलेला नसतो, त्यातून पाणी भराभर आत शिरतं. त्याहून वाईट म्हणजे पावसाळ्यात वाहणारी बारीक ओघळ त्या भरावाखाली गाडली जाते. ओघळ हीच डोंगराची पाणी काढण्याची वाट. ती बुजवली की वरून येणारं पाणी आतच साठतं. शिवाय भातखाचर हे मुळात पाणी धरून ठेवायलाच केलेलं असतं, हे विसरून चालत नाही.

पण नुसतं यंत्राला दोषी धरलं की उत्तर फार सोपं होतं. 1989 च्या जुलैत लोणावळ्याजवळ भाजे गावावर दरड आली, तेव्हा घरोघर जेसीबी नव्हते. 2021 च्या जुलैत महाडचं तळिये गेलं, 2023 च्या जुलैत खालापूरची इर्शाळवाडी गेली. तिथे गावामागे माळीणसारख्या खाचरांची गोष्ट नव्हती. मी खाचरांना कारणांच्या यादीत नक्की ठेवतो, पण पहिल्या ओळीत लिहीत नाही. पहिल्या ओळीत मुरूम-कातळाची सीमारेषा आणि तिच्यावर कोंडलेलं पाणी. खाचर, घरासाठी कापलेला उताराचा पायथा, तोडलेली झाडं, गटार नसलेला रस्ता, ही सगळी त्या पाण्याला आत घेणारी किंवा बाहेर जाऊ न देणारी माणसाची कामं. शेतकऱ्याने पोटासाठी केलेली, हेही त्यात लिहिलं पाहिजे.

भूकंपाची कुजबूज

माळीणच्या दरडीत भूकंपाचा हात नव्हता. कोयनेचा भूकंपप्रवण पट्टा तिथून सुमारे दोनशे किलोमीटर दक्षिणेला आहे. तरी हा प्रश्न मी फेटाळून लावत नाही, कारण कोयना आणि माळीण यांचं नातं आहे आणि ते पाण्यातूनच आहे.

कोयनेचं धरण 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला भरायला लागलं आणि लहान धक्के सुरू झाले. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे 6.3 तीव्रतेचा भूकंप झाला. पाण्याने भूकंप कसा होईल, असं तेव्हा अनेकांना वाटलं. सरोवराच्या वजनाने जमीन दबली असेल, असं सोपं उत्तर दिलं गेलं. पुढच्या अभ्यासातून जे समोर आलं त्यात वजनापेक्षा दाबाचा वाटा मोठा दिसतो. जमिनीखाली काही किलोमीटरवर आधीपासून ताणात असलेले भ्रंश, म्हणजे ज्यांच्या दोन बाजू एकमेकींवर सरकू शकतात अशा खडकातल्या मोठ्या भेगा, आहेत. सरोवरातलं पाणी भेगांतून झिरपत तिथवर दाब पोचवतं, भ्रंशाच्या दोन बाजूंना एकमेकींवर दाबून धरणारं बल कमी होतं, आणि अडकलेला भ्रंश सरकतो. पावसाळ्यानंतर सरोवर भरलं की धक्के वाढतात, हे कोयना-वारणा भागात वर्षानुवर्षं दिसत आलं आहे. कराडच्या प्रयोगशाळेमार्फत तिथे 3 किलोमीटर खोल विंधन केलं गेलं. सव्वा किलोमीटरच्या आसपास बेसॉल्ट संपून खाली ग्रॅनाइटी पाया लागला. या सगळ्या खटाटोपामागे प्रश्न हाच: तिथल्या भेगांत पाण्याचा दाब किती?

टर्झागींचं समीकरण तेच. माळीणला खोली पाच-दहा मीटर आणि वेळ तासांचा-दिवसांचा. कोयनेला खोली किलोमीटरांची आणि वेळ महिन्यांचा-वर्षांचा.

आता वरच्याच उदाहरणात भूकंपाचा धक्का घालून बघा. गुरुत्वाच्या एक दशांश इतकं आडवं त्वरण धरलं, तर कोरड्या उताराचा गुणक 1.48 वरून 1.17 वर येतो. उतार टिकतो. तोच थर निम्मा भरलेला असेल तर 1.13 वरून 0.88. उतार जातो. कोयनेचा धक्का डिसेंबरात आला, डोंगर बऱ्यापैकी निथळलेले असताना. किल्लारीचा 30 सप्टेंबर 1993 चा भूकंप पावसाळ्याच्या शेवटी, अनंत चतुर्दशीच्या रात्रीनंतर आला, पण लातूर-उस्मानाबादच्या सपाट मुलखात; तिथे जीव घेतले ते दगड-मातीच्या भिंतींनी. सह्याद्रीच्या उतारावर जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मध्यम भूकंप आला तर काय होईल, याचा अनुभव आपल्या पिढीच्या गाठीशी नाही. पुण्यात बांधकामासाठी भूकंपाचं क्षेत्र बघतात. डोंगरउतारासाठी महिनाही बघावा लागेल.

नवं माळीण

पुनर्वसनाला जवळच आमडे इथे जागा निवडली. वाचलेली कुटुंबं जवळपास तीन वर्षं पत्र्याच्या निवाऱ्यात राहिली. 2 एप्रिल 2017 ला 67 घरांच्या नव्या गावाचं लोकार्पण झालं. घरं पक्की, रस्ते, शाळा, सगळं आखीव. त्याच वर्षी जूनच्या जोरदार पावसात नव्या गावात भराव खचला, रस्त्यांना भेगा पडल्या, काही ठिकाणी माती सरकली. लोक पुन्हा घाबरले, आणि ते साहजिकच होतं.

मला या प्रकरणातला हा भाग सगळ्यांत जास्त शिकवणारा वाटतो. नवी जागा उतारावरच होती. डोंगरी तालुक्यात सपाट जागा मिळते कुठे? उतार टप्प्याटप्प्याने कापला, कापलेला माल पुढे भरला, वर घरं आली. उन्हाळ्यात हे पक्कं दिसतं. नव्या भरावाची पहिली परीक्षा पहिल्या पावसात, आणि तिच्यात बघायचं असतं एवढंच: जुनी ओघळ कुठून जात होती, ती आता कुठून जाते, आणि भरावाच्या पाठीमागे आलेलं पाणी बाहेर कसं पडतं. संरक्षक भिंत कितीही जाड असली तरी तिच्या पाठीशी पाण्याचा दाब साठू दिला तर ती भिंत त्या दाबापुढे उभी राहत नाही. भिंतीतली निचऱ्याची छिद्रं मातीने बुजलेली मी पुण्यातल्या टेकड्यांच्या पायथ्याशी किती तरी सोसायट्यांत बघितली आहेत. कुणी त्यात झाडंसुद्धा लावून ठेवलेली असतात.

नकाशा आणि वाडी

माळीणनंतर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने देशभर दरडप्रवणतेचे नकाशे करायचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. प्रमाण 1:50,000. काम गरजेचं होतं आणि चांगलं झालं. पण त्या प्रमाणात जमिनीवरचे 500 मीटर कागदावर एक सेंटिमीटर होतात. अख्खी वाडी नखाएवढ्या जागेत बसते. गावामागे कुठली ओघळ बुजली, कुठे भेग पडली, हे त्या कागदावर दिसूच शकत नाही. इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, हे दुर्घटनेनंतर सरकारनेच विधिमंडळात सांगितलं. यादी चुकीची म्हणून लोक संतापले. पण यादीकडून जे काम होणारच नाही ते तिच्यावर सोपवलं होतं.

वाडीचं काम वाडीतच करावं लागतं. भीमाशंकरच्या बाजूच्याच एका वाडीत आम्ही गेलो होतो. एका म्हाताऱ्या बाबांनी वरच्या रानातली भेग दाखवली आणि विचारलं, "सर, डोंगर खाली येनार का, तेवढं सांगा." दिवस सांगता येत नाही, असं म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. मग म्हणाले, "मंग आमी काय बघायचं, ते तरी सांगा."

तिथे जे केलं ते असं. भेगेच्या दोन्ही अंगांना लोखंडी खुंट्या ठोकल्या आणि त्यांच्यातलं अंतर टेपने मोजून वहीत लिहिलं. भेग चिकणमातीने ठोकून भरली, म्हणजे पाणी सरळ आत जाणार नाही. तिच्या वरच्या बाजूला आडवा चर खणून पाणी शेजारच्या ओघळीत काढून दिलं. ती ओघळ दोन जागी दगड-मातीने बुजली होती, ती मोकळी केली. खालचा झरा रोज बघायचा: अचानक वाढला, अचानक आटला किंवा गढूळ झाला तर खबर द्यायची. झाडं-खांब कलले, दारं चौकटीत अडकायला लागली, तरी तेच. मुरुमात कातळापर्यंत जाळीचा नळ उतरवला की आत पाणी किती चढलं ते दोरीला वजन बांधून मोजता येतं. त्या नळाचा खर्च ग्रामपंचायतीला न झेपण्यासारखा नाही. वही शाळेत ठेवली. पावसाळ्यात सकाळ-संध्याकाळ टेप धरायची पाळी चार घरांनी वाटून घेतली. रात्रीतून अंतर बोटभर वाढलेलं दिसलं, तर कुणाच्या आदेशाची वाट न बघता ओढ्यापलीकडच्या सड्यावर, समाजमंदिरात मुक्कामाला जायचं, असं ग्रामसभेत ठरलं. वाद झाला तो फक्त गुरं आधी न्यायची की नंतर, यावर.